चित्र हे प्रत्यक्ष नव्हे

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. घर एकत्र कुटुंबाचे. तीन पिढ्या एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या. धाकट्या सूनबाईंच्या हातच्या मेतकुटाची, भाजणीची व गोड्या मसाल्याची आप्तेष्टांत वाखाणणी होत असते, आणि हे पदार्थ आता विकावेत असे त्यांच्या मनाने घेतले आहे. त्यासाठी इन्स्टाग्रामवर खाते उघडून चित्रे टाकावयाची. थोरले दीर म्हणतात, "आपले स्वयंपाकघर चव्हाट्यावर मांडावयाचे काय?" सासूबाई म्हणतात, "मांडू या. पण कसे मांडावे ते एखाद्या शहाण्या माणसास विचारून." शहाण्याच्या शोधात निघालेले पत्र माझ्याकडे आले, ही पत्ता चुकल्याची गोष्ट झाली. तथापि या विषयात माझी स्वतःची एकदा चांगली फजिती झालेली आहे. तिचा लाभ त्या घरास व इतर वाचकांस व्हावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

प्रथम थोरल्या दिरांच्या शंकेचा विचार करू. चित्र दाखवून माल खपविणे ही आजची टूम असून ती घरंदाज चालीस सोडून आहे, असा समज पुष्कळांचा असतो. इतिहास पाहता तो टिकत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी १८७८ साली पुण्यास चित्रशाळा काढली, ती देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे छापून विकण्यासाठीच. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढले, तेव्हा लोखंडाने जमिनीस विष चढते असे शेतकरी म्हणत. अशा गिऱ्हाइकांपर्यंत कारखान्याची वार्ता पोहोचावी म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्या खबरेचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही तिची भावंडे जन्मली. ज्या मासिकांवर मराठी सुशिक्षित घरांच्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांचे मूळ असे एका कारखान्याच्या जाहिरातीत आहे. तेव्हा आपला माल चित्रांतून लोकांपुढे मांडण्यात कमीपणा मुळीच नाही.

साधन मात्र नवे आहे. यूट्यूब २००५ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली निघाले. जून २०२० च्या अखेरीस आपल्या सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने 'रील' नावाची छोटी हलती चित्रे भारतात सुरू केली. पूर्वी एक चित्र छापावयाचे तर ठसा करवून घ्यावा लागे. कागद, छपाई, टपाल यांस पैसा पडे, आणि म्हणून माणूस चार वेळा विचार करी. आज खिशातील मोबाइलने चित्र निघते आणि क्षणात ते हजारोंपुढे जाते. खर्च गेला हे उत्तम झाले. परंतु खर्चाबरोबर तो विचारही गेला. माझी फजिती झाली ती नेमकी यामुळेच.

इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याच्या काठी माझ्या बहिणीचे घर आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. काठची काळीभोर जमीन पाण्याखाली गेली, गावेच्या गावे वर सरकली. पळसदेवचे जुने देऊळ जलाशयात बुडाले. पाणी फार ओसरलेल्या वर्षी तेवढे ते दर्शन देते. ज्या पाण्याने जमिनी नेल्या त्यानेच पुढे पाहुणे आणले. पाऊसकाळ संपून पाणी उतरू लागले म्हणजे काठाने उथळ दलदल उघडी पडते आणि तेथे रोहित पक्षी उतरतात. कोणी त्यांस अग्निपंख म्हणतात. आपली वाकडी चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात व त्यातील सूक्ष्म जीव खातात. हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची घरटी होतात. भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ इत्यादी गावांचे मासेमार आपल्या नावांतून पाहुण्यांस हे पक्षी दाखवितात. पक्ष्यांच्या सवयी त्यांस पुस्तकाशिवाय ठाऊक असतात. पक्षी पाहून गेलेला पाहुणा आपली छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकतो. ती पाहून पुण्यामुंबईचे आणखी दहाजण येतात. दृश्य माध्यमाने धंदा कसा वाढतो, याचे आमच्या भागातील हे ठळक उदाहरण होय.

ही वर्दळ पाहून माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी घरातील दोन खोल्या नीट करून घेतल्या. पाहुण्यांस उतरण्याची सोय, सकाळी थालीपीठ, दुपारी पिठले-भाकरी आणि भरीत, असा बेत ठरला. स्वयंपाक भाचेसून पाहणार. इन्स्टाग्रामवर खाते उघडले. पहिले चित्र झकास हवे म्हणून भाच्याने कोणा परक्याच्या खात्यावरून एक छायाचित्र उचलले. संध्याकाळचे आकाश, आणि त्यात उडणारे शेकडो रोहित. त्याखाली दोन ओळी लिहून द्यावयास त्याने मला सांगितले. मी मोरोपंतांच्या बारामतीत राहणारा, आणि चौतीस वर्षे मुलांस संस्कृत शिकविलेला. शब्दांची हौस अंगात भिनलेली. मी लिहिले, 'उजनीच्या दर्पणावर रोहितांचा अरुणोत्सव! आमच्या अंगणातून आपल्या नेत्रांनी पाहा.' चित्र कोणाचे, कोठले, कोणत्या महिन्यातले, हे मी विचारले नाही. चित्र संध्याकाळचे असता 'अरुण' हा शब्द चुकला, एवढेही माझ्या ध्यानात आले नाही.

त्या वर्षी राखीपौर्णिमेस मी बहिणीकडे गेलो होतो. श्रावणातला शनिवार. जलाशय काठोकाठ भरलेला. दलदलीचा मागमूस नाही, मग रोहित कोठून असणार? अशा दिवशी दुपारी पुण्याहून एक मोटार आली. पतिपत्नी, आणि ऐंशीच्या पलीकडील त्यांच्या मातुःश्री. हजार रुपये आगाऊ पाठवून त्यांनी खोली ठरविली होती. भाच्यास वाटले, मंडळी पावसाळी हवेसाठी येत असतील. त्याने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. आजींस खुर्ची देऊन अंगणात बसविले. त्यांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिले आणि विचारले, "पक्षी कोठे आहेत हो?"

"आजी, ते थंडीत येतात," भाचा म्हणाला.

चिरंजीव संतापले, आणि त्यांचा संताप यथार्थ होता. त्यांनी मोबाइल काढून माझे ते वाक्य मोठ्याने वाचून दाखविले. आपले लिखाण दुसऱ्याच्या तोंडून इतके वाईट वाजलेले मी कधी ऐकले नव्हते. आजी शांतपणे म्हणाल्या, "ज्याने लिहिले त्याने इथे बसून पाहिले असेल, असे वाटले मला. म्हणून मुलाच्या मागे लागून आले."

हातातील राखीकडे पाहत मी क्षणभर गप्प राहिलो. मग ते वाक्य माझे असल्याचे सांगितले. मी काय करीत होतो, असे त्यांनी विचारले. शिक्षक होतो, म्हणालो.

"मास्तर ना तुम्ही?" एवढेच त्या बोलल्या.

भाच्याने हजार रुपये परत केले. जेवणाचे पैसे मात्र आजींनी हट्टाने दिले. भाकरी चांगली होती, तिचा काय अपराध, म्हणाल्या. पुढे पौषात रोहित उतरले तेव्हा भाच्याने त्या घरी निरोप पाठविला, आमचे पाहुणे म्हणून या, पैसा नको. चिरंजीवांचे उत्तर सौजन्याचे आले. आईची प्रकृती आता प्रवासाजोगी राहिली नाही, असे त्यात होते. हजार रुपये परत देता आले. तो श्रावणातला दिवस परत देता आला नाही.

त्याच सुमारास, ज्याचे छायाचित्र उचलले होते त्याचेही पत्र आले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्र हे ते काढणाऱ्याचे असते. त्याच्या परवानगीवाचून ते आपल्या धंद्यासाठी वापरणे ही उघड उचलेगिरी होय. भाच्याने क्षमा मागितली व चित्र काढून टाकले.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. न्यायशास्त्रात प्रमाणे चार सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. दुसऱ्याने सांगितले ते शब्द. आणि ते प्रमाण केव्हा, तर सांगणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे ज्यास वस्तू यथार्थ ठाऊक आहे आणि जी यथार्थ सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा असेल तेव्हा. आता चित्राची गंमत अशी की ते डोळ्यांनी दिसत असल्यामुळे माणूस त्यास प्रत्यक्ष समजतो. खरे पाहता ते शब्दप्रमाणच आहे. कोणी तरी ते निवडले, कोणी तरी त्याची चौकट ठरविली, कोणी तरी बाजूचा उकिरडा बाहेर ठेवला. दाखविणारा आप्त असेल तर चित्र प्रमाण. एरवी ते रंगीत थाप. सूनबाईंनी खाते उघडण्यापूर्वी हे एक मनात पक्के करावे. चित्र टाकणे म्हणजे अनोळखी माणसास वचन देणे होय, आणि ते वचन पाळावयाचे आहे स्वयंपाकघरात.

भाच्याने आणि भाचेसुनेने दुसरा आरंभ केला तो असा. रोज सकाळी अंगणाच्या एकाच कोपऱ्यातून पाण्याचे एक छायाचित्र काढावयाचे, आणि खाली तारीख घालून दिसेल ते लिहावयाचे. 'आज पाणी काठोकाठ. रोहित नाहीत. काठाला बगळे व शेराटी आहेत.' मी म्हणालो, अशा जाहिरातीने कोण येणार? पहिले काही महिने फारसे कोणी आले नाही, हे खरे. पण हळूहळू लोक पाण्याची पातळी पाहूनच बेत ठरवू लागले. 'सध्या येऊ का?' असे विचारू लागले. आणि 'अजून तीन आठवडे थांबा' हे उत्तर ज्यांस मिळाले ते तीन आठवड्यांनी आले. पक्ष्यांची चित्रे आता नाववाल्यांची असतात, त्यांच्या परवानगीने व त्यांच्या नावासह. उडता थवा टिपावा म्हणून नाव थेट थव्यात घालण्याचा हट्ट काही पाहुणे धरतात. चरणाऱ्या पक्ष्यांस वारंवार उठविल्याने त्यांची चराई बुडते व शक्ती वाया जाते. म्हणून तसली चित्रे आमच्या खात्यावर घ्यावयाची नाहीत, हाही नियम ठरला. परत निघालेले पाहुणे भाचेसुनेचे मेतकूट मागू लागले, आणि आता त्या मेतकुटाचे तिने स्वतंत्र खाते काढले आहे. पत्रलेखिका भगिनींस उपयोगी पडतील अशा पुढील सूचना तिच्याच अनुभवातून आलेल्या आहेत. माझे काम लेखनिकाचे.

एक, खाते एकच व नाव सोपे असावे. इन्स्टाग्रामवर व्यवसायाचे खाते विनामूल्य मिळते. त्यात आपली चित्रे किती जणांनी पाहिली वगैरे हिशेबही दिसतो. नावाखालच्या चार ओळींत पदार्थ कोणते, गाव कोणते, कोठवर पाठविता, मागणी कशी नोंदवावी, एवढे असले म्हणजे पुरे. खाद्यपदार्थ विकावयाचे तर अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली नोंदणी आधी करून घ्यावी, आणि मिळालेला चौदा आकडी क्रमांक पुडीवर छापावा.

दोन, चित्रास उंची उपकरणे लागत नाहीत. सकाळचा खिडकीतील उजेड, पुसून स्वच्छ केलेली मोबाइलची काच, मागे एकरंगी कापड किंवा पाट. रात्रीच्या दिव्याखाली गोडा मसाला काळवंडलेला दिसतो. रंग खुलविण्याची जी साधने मोबाइलमध्ये असतात, त्यांनी हळद अधिक पिवळी करू नये. पुडी उघडल्यावर गिऱ्हाइकास तो रंग सापडणार नाही.

तीन, तयार डब्यापेक्षा कृती दाखवावी. धणे भाजतानाचा बदलता रंग, दगडफुलाची निवड, जात्यावर किंवा गिरणीत उतरणारे पीठ, डाळी भाजणारा हात. चेहरा दाखवावयाचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. हात पुरेसे बोलतात. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये एकच गोष्ट सांगावी.

चार, चित्राखाली वजन, किंमत, केल्याची तारीख व किती दिवस टिकेल ते स्पष्ट लिहावे. किंमत विचारणाऱ्यास 'खासगीत कळवू' म्हणण्याची जी रीत पडली आहे, तिने गिऱ्हाइकाच्या मनात नाहक संशय येतो. पदार्थ संपला असेल तर संपला म्हणून लिहावे.

पाच, एका दिवशी दहा चित्रे आणि मग महिनाभर मौन, असे करू नये. आठवड्यास दोन किंवा तीन, पण नेमाने. विचारणेस त्याच दिवशी उत्तर द्यावे. अनुयायी विकत मिळतात. ते घेऊ नयेत. विकतचे अनुयायी मेतकूट खात नाहीत. कोणास काय दाखवावयाचे हे इन्स्टाग्रामचे यंत्र ठरविते आणि त्याचे ठोकताळे बदलत असतात. म्हणून ज्याने एकदा माल नेला त्याचे नाव व क्रमांक, त्याच्या संमतीने, आपल्या वहीत असावा. खाते उद्या बंद पडले तरी वही आपली राहते.

सहा, सावधपणा. घरातील मुलांचे चेहरे, दागिने, दारावरचा पत्ता चित्रात येऊ देऊ नये. खात्यास दुहेरी कुलूप, म्हणजे परवलीच्या शब्दाशिवाय दुसरी खातरजमा, अवश्य लावावी. मोठी मागणी नोंदवून 'पैसे पाठवितो, हा चौकोन स्कॅन करून पिन घाला' असे सांगणारे भामटे पुष्कळ आहेत. पैसे घेताना पिन कधीही घालावा लागत नाही, हे घरातील प्रत्येकाने पाठ करावे.

सात, स्तुती विकत घेतली असेल तर तसे सांगावे. पुष्कळ अनुयायी असलेल्या कोणास पैसे किंवा माल देऊन गोडवे गाववून घेतले, तर ती जाहिरात आहे असे तेथेच नमूद झाले पाहिजे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली तसे नियम केले आहेत. फसव्या जाहिरातीस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आयुर्वेदाची दोन नावे घालून मेतकुटाने अमुक रोग बरा होतो असे लिहिण्याचा मोह संस्कृत जाणणाऱ्यास विशेष होतो. हे मी अनुभवाने सांगतो.

राहिला घरातील प्रश्न. एकत्र कुटुंबात एकीचे काम सर्वांचे होते, आणि कित्येकदा एकीचा पैसाही सर्वांचा होतो. पहिले चांगले, दुसरे नव्हे. पुड्या भरावयास, चिठ्ठ्या चिकटवावयास, टपालात नेऊन द्यावयास सर्वांनी हात लावावा. परंतु खाते, बँकेतील जमा आणि शेवटचा शब्द सूनबाईंचा असावा. चूक झाली तर क्षमा मागावयाची तिला आहे. मग यशाचा हिशेबही तिच्याचपाशी असणे न्यायाचे होईल.

थोरल्या दिरांस माझी एवढीच विनंती आहे. स्वयंपाकघर चव्हाट्यावर मांडले जाईल ही त्यांची भीती मी समजतो. परंतु ज्या स्वयंपाकघरात मांडावयास लाज वाटेल असे काही नाही, ते मांडल्याने बिघडत नाही. उलट, शंभर अनोळखी घरे पाहत आहेत या जाणिवेने डाळ अधिक निवडून घेतली जाते, डबा अधिक घासला जातो. त्यांच्या ठायी जी संशयी दृष्टी आहे ती सूनबाईंच्या फार कामाची आहे. प्रत्येक चित्र टाकण्यापूर्वी ते त्यांस दाखवावे, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारावा, 'हे असेच आहे ना?' तो प्रश्न मला त्या वेळी कोणी विचारला असता, तर एक वृद्ध बाई श्रावणात रिकाम्या पाण्याकडे पाहत बसल्या नसत्या.

आरंभ झाला म्हणजे पत्रलेखिका भगिनींनी मेतकुटाची एक पुडी बारामतीस पाठवावी; मूल्य मी आगाऊ धाडीन. चित्र मी पाहीनच, पण मत कळवीन ते गरम मऊ भातावर तूप-मेतकूट घालून जेवल्यावर.